प्रोटॉन थेरपीतले भटके न्यूट्रॉन मोजताना

लिनॅकवरून, म्हणजे एक्स-रेने कॅन्सरवर उपचार करणाऱ्या यंत्रावरून, प्रोटॉन केंद्रात आलेला फिजिसिस्ट सवयीने जुना रेम काउंटर (न्यूट्रॉनची मात्रा मोजणारं यंत्र) काढतो, रुग्णाच्या काउचशेजारी ठेवतो आणि डिस्प्लेवरचा आकडा वहीत उतरवतो. तो आकडा बहुधा कमी असतो. १५ एमव्हीच्या लिनॅकमध्ये निघणारे न्यूट्रॉन मुख्यतः एक-दोन एमईव्हीच्या (कणाच्या ऊर्जेचं एकक) आसपासचे. टाटा मेमोरियल सेंटरच्या खारघरमधल्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये मात्र प्रोटॉनच २३० एमईव्हीपर्यंत जातात. त्यांनी उडवलेले न्यूट्रॉन ०.०२५ ईव्हीच्या थर्मल (अगदी मंद) न्यूट्रॉनपासून शंभर एमईव्हीच्या पुढेपर्यंत पसरलेले असतात.

साध्या रेम काउंटरमध्ये पॉलिइथिलीनच्या जाड आवरणात हीलियम-३ किंवा बीएफ-३ वायूची, मंदावलेले न्यूट्रॉन मोजणारी नळी असते. दहा-पंधरा एमईव्हीच्या वरचे न्यूट्रॉन पुरेसे मंदावत नाहीत, आरपार निघून जातात. बीमच्या पुढच्या दिशेला हेच न्यूट्रॉन जास्त, त्यामुळे तिथे निम्म्यापर्यंत मात्रा हुकू शकते. वेंडी-२सारख्या यंत्रात पॉलिइथिलीनच्या आत टंगस्टनचा थर असतो. वेगवान न्यूट्रॉन त्या अणुकेंद्रांवर आदळून कमी ऊर्जेचे अनेक न्यूट्रॉन बाहेर काढतो आणि ते मोजले जातात. यंत्र सुमारे चौदा किलोचं आहे. कॅमेऱ्याच्या हलक्या ट्रायपॉडवर चढवू नका.

मांडणीवर घाई करू नका, निम्मं काम तिथेच असतं. गँट्री (बीम रुग्णाभोवती फिरवणारी चौकट) ९० किंवा २७० अंशांवर घ्या, म्हणजे बीम आडवा येतो आणि डिटेक्टर आयसोसेंटरच्याच (गँट्री ज्या बिंदूभोवती फिरते त्याच्याच) उंचीवर ठेवता येतो. पाण्याचा किंवा सॉलिड वॉटरचा (पाण्यासारखं वागणाऱ्या प्लास्टिकचा) फँटम, म्हणजे शरीराऐवजी ठेवायचा ठोकळा, त्यात १० × १० × १० सेंमीचं लक्ष्य, मात्रा २ ग्रे (शोषलेल्या मात्रेचं एकक). डिटेक्टर २ मीटरवर, बीमच्या दिशेपासून ०, ४५, ९० आणि १३५ अंशांवर. अंतर आवरणापासून नव्हे, यंत्रावर खूण केलेल्या केंद्रापासून मोजा. भिंतीला चिकटून ठेवलात तर परावर्तित न्यूट्रॉनच जास्त मोजाल. थर्मल न्यूट्रॉन तसेही खोलीभर जवळजवळ सारखेच भरलेले असतात.

बीम चालू असताना आत कुणी नसतं, म्हणून डिस्प्लेकडे रोखलेला कॅमेरा लावा किंवा केबल बाहेर काढा. पेन्सिल बीम स्कॅनिंगमध्ये (बारीक बीम लक्ष्यावर थराथराने फिरवण्याच्या पद्धतीत) एका ऊर्जाथरावरून दुसऱ्यावर जाताना बीम क्षणभर थांबतो आणि डिस्प्लेवरचा दर वरखाली उड्या मारतो. तो दर लिहायचा नाही. पूर्ण फील्डची (एका दिशेने दिलेल्या संपूर्ण बीमची) एकत्रित मोजणी घ्या, लक्ष्याला दिलेल्या ग्रेने भागा आणि उत्तर मायक्रोसिव्हर्ट प्रति ग्रे असं नोंदवा. फील्डचा आकार, कमाल ऊर्जा आणि रेंज शिफ्टर (बीमची पोच कमी करणारी जाड पट्टी) होता की नव्हता, हे सोबत लिहिलं नसेल तर त्या आकड्याची कशाशीच तुलना होत नाही. जुन्या पॅसिव्ह स्कॅटरिंगच्या (सगळा बीम एकदम पसरवून देण्याच्या पद्धतीच्या) आकड्यांशी तर नाहीच. तिथे बीमला आकार देणारं पितळी अ‍ॅपर्चर रुग्णाच्या अगदी जवळ न्यूट्रॉन तयार करतं, इथे मुख्य स्रोत फँटम स्वतःच असतो.

समजा ५ मायक्रोसिव्हर्ट प्रति ग्रे आले आणि २ ग्रे एका मिनिटात दिले. म्हणजे तासाला ६०० मायक्रोसिव्हर्टचा दर. वेंडी-२ची संवेदनशीलता ताशी एका मायक्रोसिव्हर्टला सेकंदाला सुमारे ०.८ मोजण्या धरली तर सेकंदाला पाचशेच्या आसपास. सलग बीम देणाऱ्या सायक्लोट्रॉनवर (प्रोटॉनला वेग देणाऱ्या यंत्रावर) हे सहज पेलतं. सिंक्रोसायक्लोट्रॉनचा बीम मात्र काही मायक्रोसेकंदांच्या तुकड्यांत येतो, तेव्हा मोजण्या एकमेकींवर चढतात आणि आकडा मुकाट्याने खाली येतो; यंत्र तक्रार करत नाही. तपासणी सोपी आहे: बीमचा प्रवाह निम्मा करा आणि तेच फील्ड पुन्हा चालवा. प्रति ग्रे आकडा वाढला, तर आधीच्या मोजणीत डेड टाइमची (एक मोजणी झाल्यावर यंत्र क्षणभर आंधळं असतं, त्या वेळेची) गळती होती. डिटेक्टर दूर न्या किंवा स्पंदित बीमसाठी बनवलेलं यंत्र मागा.

बीम बंद असताना मिनिटाला एखाददुसरी मोजणी ठीक. जास्त दिसली तर आधी केबल आणि थ्रेशोल्ड (किती लहान सिग्नल सोडून द्यायचा ती मर्यादा) बघा. कॅलिब्रेशनसाठी कॅलिफोर्नियम-२५२ हा न्यूट्रॉन स्रोत वापरताना २.६५ वर्षांचं अर्धायुष्य हिशेबात घ्या. दाखल्यावरची जुनी तीव्रता तशीच वापरली जाते, हे आश्चर्य वाटेल इतकं घडतं.

बबल डिटेक्टर (न्यूट्रॉन लागला की आतल्या जेलमध्ये फुगा उठतो) कमी मात्रेला छान, पण फुगे शंभराच्या वर गेले की एकमेकांआड लपतात. म्हणून फील्ड छोटं ठेवा आणि फुगे मोजून झाल्यावर ते मिटवायला झाकण फिरवून लगेच दाब द्या. न्यूट्रॉनच्या खुणा टिपणाऱ्या सीआर-३९ प्लास्टिकच्या चकत्या तिरप्या कोनात कमी दाखवतात. टीएलडी-६०० आणि ७०० (तापवल्यावर मात्रेनुसार प्रकाश देणारे छोटे मापक) जोडीने ठेवायचे, कारण ७०० जवळजवळ फक्त गॅमा देतो आणि वजाबाकीतून थर्मल न्यूट्रॉन निघतात. ही जोडी प्रोटॉनच्या मुख्य फील्डमध्ये ठेवली तर वजाबाकीला अर्थ उरत नाही.

हे सगळं खोलीतल्या परिसर मात्रेबद्दल झालं. मुलाच्या थायरॉइडला किती पोचलं, असं डॉक्टरांनी विचारलं तर रेम काउंटरचा आकडा पुढे करू नका. त्यासाठी मानवाकृती फँटमच्या आत छोटे डिटेक्टर ठेवावे लागतात आणि सोबत माँटे कार्लो गणित (संगणकावर असंख्य कणांचे मार्ग यादृच्छिकपणे चालवून पाहणं) लागतं.

या कामात यायचं असेल तर एम.एस्सी. फिजिक्सनंतर बीएआरसीचा रेडिओलॉजिकल फिजिक्सचा डिप्लोमा हा सरळ रस्ता. तो करताना न्यूट्रॉन डोसिमेट्रीचं प्रात्यक्षिक टाळू नका. लिनॅकच्या नोकरीत त्याची गरज क्वचितच पडते, इथे वरचेवर पडते.