जुन्या पिकअपचा ब्रेक कमी लागतोय? पॅड विकत घेण्याआधीची तयारी

ब्रेक कमी लागायला लागला की पहिलं काम बहुतेक वेळा एकच होतं, पुढचे पॅड बदलले जातात. काही दिवस बरं वाटतं, मग तक्रार पुन्हा सुरू. महिंद्रा बोलेरो पिकअपसारख्या गाडीत पुढे डिस्क (चकती, जिला पॅड दाबतात), मागे ड्रम (गोल डबा, ज्याला आतून लायनर घासतात) असतात आणि खराबी पुष्कळदा मागच्या अर्ध्या भागात दडलेली असते. नारायणगावहून टोमॅटो भरून माळशेज उतरायचा आणि वाशी गाठायची, अशी गाडी असेल तर अंदाजाने पार्ट बदलत बसणं परवडणारं नाही. म्हणून एक सकाळ मोकळी ठेवा आणि पुढच्या क्रमाने जा. ही माहिती एबीएस (ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) नसलेल्या जुन्या गाडीसाठी आहे.

आदल्या संध्याकाळी सामान एका जागी काढून ठेवा. जॅक आणि उचललेली गाडी टेकवायला दोन मजबूत घोड्या (स्टँड) हव्यातच. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हात घालायचा नाही. चाकांना लावायला लाकडी गुटके, चाकाचा पाना, निप्पलला (चाकाजवळचा हवा काढायचा छोटा स्क्रू) नेमका बसणारा पाना, पारदर्शक नळी, रिकामी बाटली, हातातली बॅटरी (टॉर्च), खडू, वही आणि तोंडाला मास्क. ब्रेक ऑइलचा डबा सीलबंद घ्या. वर्षभर अर्धा उघडा पडलेला डबा वापरू नका, कारण हे ऑइल हवेतला ओलावा ओढतं. नवं डॉट ३ (डॉट ३, डॉट ४ हे ब्रेक ऑइलचे दर्जे) किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण पाणी धरलं की ही मर्यादा १४० अंशांपर्यंत येऊ शकते; डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. लांब घाटात ऑइल उकळून वाफ झाली की पेडल थेट तळाला जातं. गाडीला कुठलं ऑइल लागतं हे ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर वाचा. पेडल दाबायला एक माणूस सांगून ठेवा.

सकाळी गाडी थंड, सपाट जागेवर, चाकांना गुटके लावलेली. अजून काहीही खोलायचं नाही. आधी पेडलवर पाय ठेवा आणि जे जाणवेल ते वहीत लिहा. इंजिन बंद ठेवून पेडल कडक होईपर्यंत पाच-सहा वेळा दाबा, दाबूनच ठेवा आणि इंजिन सुरू करा. पेडल थोडं खाली गेलं तर बूस्टरला (पायाचा जोर वाढवणारा डबा) व्हॅक्यूम, म्हणजे हवेची ओढ, मिळतोय. जराही हललं नाही आणि चालवतानाही ब्रेक दगडासारखा कडक लागत असेल, तर पॅडचा विचार सोडा. डिझेल इंजिन स्वतः पुरेसा व्हॅक्यूम देत नाही, त्यासाठी वेगळा पंप असतो, अनेक गाड्यांत तो अल्टरनेटरच्या पाठीला बसवलेला. तो झिजतो, त्याचा होज (रबरी पाइप) तडकतो, मधला एकतर्फी व्हॉल्व्ह अडकतो. आधी होज आणि व्हॉल्व्ह पाहा. ते स्वस्त आहेत. उतारावर डिझेल वाचवायला इंजिन बंद करणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावं: पंप थांबला की बूस्टरमध्ये एक-दोन दाबांपुरताच व्हॅक्यूम उरतो.

आता इंजिन चालू ठेवून पेडल एकसारखं दाबून धरा. ते हळूहळू खाली सरकत गेलं तर कुठेतरी ऑइल गळतंय किंवा मास्टर सिलिंडरची (पेडलच्या दाबाने ऑइल चाकांकडे ढकलणारा भाग) आतली रबरी वॉशर दाब सोडतेय. बाहेर कुठेच ओल नसेल तर दोष सहसा मास्टर सिलिंडरचा. पेडल मऊ, दबलं-दबलं लागत असेल तर ब्रेक ऑइलच्या लाइनमध्ये हवा आहे. पहिल्या दाबात लांब जातं आणि दुसऱ्या दाबात वर येतं, ही तक्रार जुन्या पिकअपमध्ये सगळ्यांत जास्त. तिथे हँडब्रेक दोन-तीन खटके ओढून पेडल पुन्हा दाबा. पेडल लगेच वर आलं तर मागचे लायनर ड्रमपासून लांब गेलेत. लायनर ड्रमच्या जवळ ठेवणारा ॲडजस्टर जाम असणार.

मग रिकाम्या रस्त्यावर कमी वेगाने छोटी फेरी. गाडी एका बाजूला ओढते का पाहा. परतल्यावर प्रत्येक चाकाजवळ हात न्या, रिमला लगेच चिकटवू नका. एकच चाक जास्त तापलं असेल तर तिथला पॅड किंवा लायनर ढकलणारा पिस्टन अडकलाय किंवा रबरी होज आतून फुगून ऑइल परत येऊ देत नाही. असा होज बाहेरून चांगला दिसतो, म्हणून जुना असेल तर बदललेला बरा. मागची दोन्ही चाकं जवळपास थंड आणि पुढची चांगलीच तापलेली असतील तर पुढचं नीट वाचा.

मागच्या ॲक्सलपासून (दोन्ही मागच्या चाकांना जोडणारा दांडा) चासीवरच्या एका छोट्या व्हॉल्व्हपर्यंत जाणारा दांडा शोधा. अशा बऱ्याच गाड्यांत तो असतो. माल भरला की चासी खाली बसते, दांडा फिरतो आणि व्हॉल्व्ह मागच्या चाकांना जास्त दाब सोडतो. गाडी रिकामी असली की दाब रोखतो, नाहीतर मागची चाकं लॉक होऊन गाडी घसरेल. आता जास्त माल घ्यायला आपण स्प्रिंगचे पाटे वाढवतो. मग भरलेली गाडीसुद्धा उंचच राहते, व्हॉल्व्हला ती रिकामी वाटते आणि सगळा भार पुढच्या पॅडवर येतो. पॅड लवकर संपतात त्याचं हे कारण मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण गॅरेजमध्ये या दांड्याकडे क्वचितच कुणी बघतं. दांडा गंजलाय का, वाकलाय का, कुणी तारेने बांधून टाकलाय का, ते पाहा. पाटे वाढवलेले असतील तर कंपनीच्या मापाने सेटिंग करून घ्या, आणि शक्य असेल तर जादा पाटे काढून माल मर्यादेत आणा. दांडा अंदाजाने वाकवू नका.

शेवटी चाकं खोला. ड्रममधली धूळ हवेने उडवू नका, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ब्रेक क्लीनरने ओली करून पुसा. व्हील सिलिंडरची (ड्रममध्ये लायनर ढकलणारा छोटा सिलिंडर) रबरी टोपी अलगद उचला, आत ओल असेल तर किट किंवा सिलिंडर बदला. लायनर तेलकट असून गिअर ऑइलचा उग्र वास येत असेल तर ॲक्सलचं ऑइल सील गेलंय. ते न बदलता नवे लायनर टाकले तर तेही भिजतील. लायनर एका बाजूचे नाही, दोन्ही बाजूंचे बदला. डिस्कवर किमान जाडी आणि ड्रमवर कमाल व्यास कोरलेला असतो, त्याच्याशी माप ताडून मगच लेथवर न्या.

ब्रेक लाइनमधली हवा निप्पलमधून काढताना मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करा, आपल्याकडे सहसा मागचं डावं. टाकी मध्येच रिकामी होऊ देऊ नका, आणि रबर पुसायला डिझेल किंवा इंजिन ऑइल वापरू नका, वॉशर फुगतात. सगळं जोडल्यावर जागेवरच पेडल तपासा, मग हळू फेरी मारा आणि पहिल्या भरलेल्या खेपेनंतर व्हील नट व ऑइलची पातळी पुन्हा बघा.