हृदयाची जखम का भरत नाही, हे नववीच्या मुलांना कसं शिकवावं

"बाई, पालीची शेपटी परत येते, मग आजोबांच्या हृदयाचा मेलेला भाग का येत नाही?" सोलापूरच्या पूर्व भागात विज्ञान शिकवताना हा प्रश्न मला हमखास येतो. "पाल साधा प्राणी, माणूस प्रगत" असं सांगून मोकळं होऊ नका. ते उत्तर चूक आहे आणि मुलाचा प्रश्न तिथेच मरतो.

आधी बोकडाचं हृदय आणा. मटणाच्या दुकानात आदल्या दिवशी सांगून ठेवलं तर अख्खं मिळतं. हातमोजे घालून धुवा, उभं चिरा, आणि डाव्या निलयाची (रक्त बाहेर ढकलणाऱ्या खालच्या कप्प्याची) जाड भिंत मुलांना चिमटीत धरून पाहू द्या. हृदयविकाराच्या झटक्यात मरतो तो बहुधा याच भिंतीचा तुकडा. तिथे पुढे व्रण, म्हणजे जखम बुजल्याचा टणक डाग, होतो. व्रणामुळे भिंत फाटत नाही, पण तो आकुंचन पावत नाही.

मग झेब्रा डॅनिओ दाखवा. फिशटँकच्या दुकानात सहज मिळणारा हा पट्ट्यांचा मासा मूळचा आपल्याच उपखंडातला. वर्गात तो फक्त बघायचा, प्रयोग फळ्यावर सांगायचा. २००२ साली शास्त्रज्ञांनी त्याच्या निलयाचा सुमारे २० टक्के भाग कापला. आधी रक्ताची गुठळी झाली, आणि दोनेक महिन्यांत तिथे पुन्हा धडधडणारा स्नायू आला.

इथे घाई करू नका. नवा स्नायू येतो कुठून? उरलेल्या स्नायूपेशींतूनच. आमच्या मुलांना हे यंत्रमागावरून पटकन कळतं: उभा धागा तुटला की माग थांबवूनच गाठ मारावी लागते. जखमेजवळच्या पेशीही आकुंचनाचे तंतू काही काळ सोडवून ठेवतात, विभागतात आणि तंतू पुन्हा जुळवतात. माणसाची प्रौढ स्नायूपेशी हे जवळजवळ करतच नाही.

"जवळजवळ" हा शब्द गाळू नका. १९५०-६०च्या दशकांतल्या अणुचाचण्यांमुळे हवेत वाढलेला कार्बन-१४ पेशींच्या डीएनएत सापडतो. त्यावरून पेशींचं वय काढलं, तेव्हा पंचविशीत वर्षाला सुमारे १ टक्का स्नायूपेशी नव्या होतात असं दिसलं. पंचाहत्तरीत त्याच्या निम्म्याहून कमी. झटक्यात गेलेल्या कोट्यवधी पेशी एवढ्याने भरून निघत नाहीत.

माझ्या मते सगळ्या धड्याचा गाभा आहे उंदराचं पिल्लू. फळ्यावर दोन रकाने आखा: पहिला दिवस, सातवा दिवस. २०११च्या प्रयोगात एका दिवसाच्या पिल्लाच्या हृदयाचं टोक कापलं, तर तीन आठवड्यांत भरून आलं. सात दिवसांच्या पिल्लात व्रण झाला. प्राणी तोच, जनुकं तीच. आठवड्यात काय बदललं, ते मुलांनाच विचारा. कोणीतरी "श्वास" म्हणतंच, आणि ते बरोबर आहे. जन्मानंतर पेशींना भरपूर ऑक्सिजन मिळू लागतो, त्यातून डीएनएला इजा होते आणि विभाजन थांबतं. थायरॉइड संप्रेरकही वाढतं. पुष्कळ पेशी डीएनए दुप्पट करतात पण दोन होत नाहीत, दोन केंद्रकं घेऊन तशाच राहतात. झेब्रा डॅनिओला बाहेरून थायरॉइड संप्रेरक दिलं, तर त्याचीही भरपाई मंदावते. हेच संप्रेरक शरीर गरम ठेवायला मदत करतं. त्यामुळे उष्ण रक्तासाठी आपण ही क्षमता गमावली असावी, असा एक विचार आहे. मुलांना तो विचार म्हणूनच सांगा, सिद्ध झालेली गोष्ट म्हणून नको.

आजोबांचं विचारणाऱ्या मुलाला उत्तर सरळ द्या: मेलेला स्नायू परत आणणारं औषध आज नाही. म्हणून छातीत दुखू लागलं, घाम फुटला, तर "गॅस असेल" म्हणत न थांबता १०८ला फोन करायचा. हृदयाची तुंबलेली रक्तवाहिनी जितक्या लवकर उघडेल तितका स्नायू वाचतो. हे वहीत लिहून घ्या.

शेवटची दहा मिनिटं मेडाकासाठी ठेवा. हाही छोटा, थंड रक्ताचा मासा, पण त्याचं हृदय भरून येत नाही, व्रण राहतो. जखमेकडे धावणाऱ्या भक्षक पेशी त्याच्यात उशिरा पोचतात. प्रतिकारशक्ती जागी करणारं द्रव्य टोचून त्या लवकर आणल्या, तेव्हा भरपाई सुधारली. "मासा साधा म्हणून" हे उत्तर कुठे मोडलं, ते मुलांकडूनच वदवून घ्या.