डांबर भरलेला टोरॉइड फोडताना

भुसावळच्या भंगारात मिळालेला, डांबर ओतून बंद केलेला टोरॉइड, म्हणजे कड्यासारखा गोल ट्रान्सफॉर्मर, नवं वाइंडिंग करायला मे महिन्यात तसाच फोडायला घेऊ नका. 45 अंशांत डांबर चिकट होतं, छिन्नी नुसती रुतते. पिशवीत बांधून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा (घरची बोलणी खाऊन). सकाळी हलक्या ठोक्याने काचेसारखे तुकडे पडतात. ठोका कोअरवर (आतल्या लोखंडी कड्यावर) मात्र नको. ती सिलिकॉन स्टीलच्या पट्टीची घट्ट गुंडाळी, दबली की लोड नसतानाही जास्त करंट खाते. डांबराऐवजी एपॉक्सी (कडक होणारं रेझिन) असेल तर उलट, हीट गनने मऊ करा. जाळायचं नाही, धूर विषारी. ट्रान्सफॉर्मर अजून काम करत असेल तर फोडण्याआधी सेकंडरीचे (आउटपुट वाइंडिंगचे) व्होल्ट मोजा, ते उकलताना वेढे मोजा. 12 व्होल्टला 48 निघाले तर व्होल्टला 4 वेढे. नवं वाइंडिंग त्याच हिशोबाने.