डॅनियल टायगर मुलांसोबत कसे पाहावे

लहान मुलांच्या टीव्ही कार्यक्रमांचे सूत्रधार फ्रेड रॉजर्स यांच्या जुन्या कार्यक्रमातील वाघाच्या बाहुलीवरून पुढे आलेली ‘डॅनियल टायगर्स नेबरहूड’ ही डॅनियल नावाच्या छोट्या वाघाची कार्टून मालिका अमेरिकेतील पीबीएस या सार्वजनिक वाहिनीवर २०१२ साली सुरू झाली. तिच्या बहुतेक भागांत दोन छोट्या गोष्टी असतात आणि दोन्हींतून एकच धडा, एका इवल्याशा गाण्याच्या आधारे, पुन्हा पुन्हा येतो.

म्हणून सलग चार भाग लावून देण्याऐवजी एकच भाग निवडावा आणि तोही मुलाच्या सध्याच्या अडचणीशी जुळणारा असावा: खेळणे वाटून घेणे, डॉक्टरांकडे जाणे किंवा धाकट्या भावंडाचे आगमन. भाग चालू असताना शेजारी बसावे, पण प्रत्येक दृश्यावर प्रश्न विचारू नयेत. त्याने मूल कंटाळते. संपल्यावर ‘डॅनियलला तेव्हा काय वाटले असेल?’ एवढे विचारणे पुरेसे असते. टेक्सास टेक विद्यापीठाच्या २०१६ मधील अभ्यासातही, पाहिलेल्या गोष्टींविषयी आईवडील मुलांशी एरवी बोलत असत, तिथेच मालिकेचा उपयोग दिसून आला होता.

खरे काम नंतरचे आहे. राग आला की दीर्घ श्वास घेऊन चारपर्यंत मोजावे, हे तिथले सूत्र घरच्या मराठीत दोन ओळींत बांधून, मूल शांत असतानाच गुणगुणत राहावे. कारण ऐन रडारडीत शिकवलेले गाणे त्याला उपदेशासारखे वाटते. आईबाबांनीही स्वतः चिडल्यावर तेच म्हणावे. मुले ते लगेच टिपतात, आणि संधी मिळताच आपल्याला ऐकवतातही.