भिगवणला रोहित टिपायला जाताना

पुण्याहून सोलापूर रस्त्याने सुमारे १०० किलोमीटरवर भिगवण. भीमेवरच्या उजनी धरणाचा फुगवटा इथवर पसरतो आणि हिवाळ्यात त्या पाण्यावर रोहित, म्हणजेच अग्निपंख (फ्लेमिंगो), उतरतात. अनेक जण इथून परततात ते दूरच्या पांढऱ्या ठिपक्यांचे शे-पाचशे फोटो घेऊन. दोष बहुधा लेन्सचा नसतो. दिवस चुकलेला असतो किंवा वेळ.

आधी पाणी, मग तारीख

रोहित उथळ पाण्यात उभा राहतो, चोच उलटी धरतो आणि पाणी-चिखल गाळून खातो. धरण तुडुंब असेल तर त्याला उभे राहायला जागाच नसते. सिंचनासाठी पाणी सुटून पातळी उतरली, काठचा चिखल उघडा पडला की थवे दिसू लागतात. म्हणून पाऊस भरपूर झालेल्या वर्षी डिसेंबर कोरडा जाऊ शकतो. जानेवारीअखेर ते मार्च अधिक भरवशाचा. कुंभारगाव किंवा डिकसळच्या नावाड्याला आदल्या दिवशी फोन करा. ‘रोहित आहेत का?’ असे विचारू नका, त्याचे उत्तर ‘आहेत की, या!’ हेच असते. कुठे आहेत, किती आहेत आणि होडी किती जवळ जाते, हे विचारा. होडीत फोटो काढणारे तीन-चारच असावेत. त्याहून जास्त झाले की सगळे एकाच बाजूला झुकतात आणि एकमेकांची डोकी टिपतात.

पिशवीत काय

१५०–६०० किंवा १००–४०० मिलिमीटरची लेन्स पुरते. दुसरी कॅमेरा-बॉडी असेल तर तिला ७०–२०० लावून ठेवा, कारण थवा डोक्यावरून गेला की ६०० मध्ये नुसत्या माना सापडतात. ट्रायपॉड घरी ठेवा. होडीचा हादरा त्याच्या पायांतून थेट कॅमेऱ्यात चढतो. त्याऐवजी जुन्या जीन्सचा एक पाय कापा, एक टोक शिवा, दीड-दोन किलो तांदूळ भरा आणि दुसरे टोक घट्ट बांधा. होडीच्या काठावर ही उशी उत्तम बसते, मात्र इंजिन बंद असतानाच. ते चालू असेल तर कॅमेरा हातातच धरा. कोरडे फडके, प्लॅस्टिकची मोठी पिशवी आणि मळखाऊ रंगाचे कपडे हवेत. लाइफ जॅकेट मागून घ्या.

होडीत बसण्यापूर्वीचे सेटिंग

पुण्याहून पहाटे साडेचारच्या आत निघा. जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो. बसलेल्या पक्ष्यालाही शटर १/१००० सेकंद ठेवा, कारण पक्षी स्थिर असला तरी होडी नसते. उडणाऱ्यासाठी १/२०००. अॅपर्चर (लेन्सचे छिद्र) एफ/६.३ ते एफ/८, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ऑटो, कमाल ३२००. फोकस सततचा, आणि कॅमेऱ्यात पक्ष्याचा डोळा शोधण्याची सोय असेल तर ती चालू.

एक्स्पोजरला मात्र ठरीव आकडा नाही. कॅमेरा सगळे मध्यम करड्या रंगात आणू पाहतो. पांढऱ्या थव्याने चौकट भरली तर फोटो काळवंडतो, तेव्हा एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्याने ठरवलेला उजेड कमी-जास्त करण्याची सोय) +०.७ ते +१ द्या. एकटाच रोहित काळ्याशार पाण्यावर उन्हात उभा असेल तर उलटे: कॅमेरा पाणी उजळवायला जातो आणि पक्ष्याची पिसे पांढरीफटक जळतात. तिथे –०.७. दर दहा-पंधरा फोटोंनी हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख, पाहा. फोटो रॉमध्येच (कॅमेऱ्याच्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढा.

जवळ जाताना

सूर्य पाठीशी राहील असा मार्ग धरायला सांगा. सुमारे शंभर मीटर आधी इंजिन बंद करून पुढे वल्ह्याने किंवा बांबूने, तेही थव्याच्या दिशेने सरळ नव्हे, तिरके जायचे. उभे राहू नका. खाली बसल्याने कोनही पाण्यालगतचा मिळतो.

माना खाली असतील तर सगळे ठीक आहे. एकेक मान वर ताठ होऊ लागली, थवा एका दिशेने चालू लागला, की तिथेच थांबा. आणखी पुढे गेलात तर ते उडतील आणि परततील ते तुमच्यापासून दूर. उडण्याआधी रोहित पाण्यावर काही पावले धावतो, बहुधा वाऱ्याच्या तोंडाला. वारा पाठीवर घेऊन थांबलात तर उड्डाण तुमच्याकडे तोंड करून मिळू शकते. पंखांतला लाल-काळा रंग उघडतो तो तेव्हाच, पण ते आपणहून उडेपर्यंत वाट पाहायची. ‘थवा उडवून देतो’ असे कुणी म्हणाले तर साफ नाही म्हणा; असे दिवसातून दहा वेळा उडवले तर त्यांचे खाणेच मोडते. ड्रोनही नको. कुरवांना (सीगल पक्ष्यांना) फरसाण टाकून फोटो काढणे हा प्रकारही आम्हाला पटत नाही. ते त्यांचे अन्न नव्हे.

फोटो मऊ आले तर

फोकस बरोबर, शटर भरपूर, तरी पिसे विरघळल्यासारखी? ते हवेचे थरथरणे. पाणी आणि हवा यांच्या तापमानात फरक पडला की लांबच्या लेन्सला ते हमखास दिसते, आणि नऊ-साडेनऊनंतर वाढत जाते. लेन्स बदलून किंवा संगणकावर शार्प करून ते जात नाही. तेव्हा लांबचे रोहित सोडा आणि जवळचे चित्रबलाक, चक्रवाक, पट्टकादंब टिपा.

दहानंतर काठावर येऊन चिलापी माशाच्या जेवणाची सोय पाहावी. दिवस हाताशी असेल तर इंदापूर तालुक्यातच कडबनवाडीचे माळरान आहे, चिंकारा हरणांसाठी. तिथे वनखात्याचे नियम असल्याने परवानगीची चौकशी आधी करा, आणि चारनंतर जा.