नर्मदा परिक्रमेसाठी हलकी सॅक निवडताना

इंदूरहून ओंकारेश्वर जेमतेम ऐंशी किलोमीटरवर असल्यामुळे रामबाग, लोकमान्यनगर, सुदामानगर या भागांतल्या मराठी घरांतून दरवर्षी कोणी ना कोणी पायी परिक्रमेला निघतच असते, आणि चातुर्मास संपत आला की "सॅक कोणती घेऊ?" हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. माझ्या उत्तराने विचारणाऱ्याची थोडी निराशा होते, कारण मी सांगतो की सॅक सर्वांत शेवटी घ्या. नर्मदामाईची लांबी १३१२ किलोमीटर आणि दोन्ही काठ चालायचे म्हणजे अडीच हजार किलोमीटरांहून अधिक वाट. एवढ्या वाटेवर पाठीवर काय असणार हे ठरण्याआधीच सॅक घेतली, तर ती सॅकच आपले सामान ठरवू लागते.

म्हणून आधी घरात एक सतरंजी अंथरावी आणि न्यायचे ते सगळे तिच्यावर मांडावे: आसन, पांघरूण, कपड्यांचे दोन जोड, एक लोकरी कपडा, कमंडलू, नर्मदाजलाची कुपी, पूजेचे साहित्य, औषधे, विजेरी, मोबाइल आणि चार्जर. प्रत्येक वस्तू स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून तिचे वजन वहीत लिहावे. अन्न आणि पाणी वगळून, पण सॅक धरून, जे वजन येते त्याला मूळ वजन म्हणू. परदेशातले लांब पल्ल्याचे पदयात्री हे मूळ वजन साधारण साडेचार किलोंच्या आत असेल, तरच त्या सामानाला अतिहलके म्हणतात. आपल्याला हा आकडा गाठणे वाटते तितके अवघड नाही, कारण तंबू आणि स्टोव्ह हे त्यांचे जड सामान परिक्रमावासीला लागत नाही. रात्रीचा निवारा आश्रमात किंवा गावातल्या घरी मिळतो आणि सदाव्रतामुळे, म्हणजे वाटेत यात्रेकरूंना मोफत अन्नधान्य देण्याच्या प्रथेमुळे, शिधाही फार वाहावा लागत नाही. आपल्याकडे वजन वाढते ते पांघरुणाने. अमरकंटक समुद्रसपाटीपासून हजार मीटरांहून उंच आहे आणि पौषातली तिथली थंडी साध्या चादरीने भागत नाही, हे खरेच. परंतु घरची घोंगडी दोन किलोंच्या पुढे जाते आणि त्याच उबेची स्लीपिंग बॅग एक-सव्वा किलोत मिळते. सॅकमध्ये दोनशे ग्रॅम वाचवण्यासाठी दुकाने पालथी घालणारी माणसे घोंगडीतला हा एक किलो विसरतात.

सामान ठरले की आकारमान मोजावे. किराणा दुकानातून पुठ्ठ्याचे खोके आणून त्यात सगळे नीट बसवावे आणि लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणाकाराला हजाराने भागावे. आलेला आकडा म्हणजे लिटर. चाळीस, तीस, तीस सेंटिमीटरच्या खोक्यात सगळे मावले, तर ते छत्तीस लिटर झाले आणि वाटेत मिळणाऱ्या शिध्यासाठी थोडी जागा धरून चाळीस-पंचेचाळीस लिटरची सॅक पुरेशी ठरते. साठ लिटरची सॅक "असू द्यावी" म्हणून घेऊ नये. मोकळी जागा घरातली माणसे प्रेमाने भरून टाकतात.

आता खरा निर्णय, म्हणजे फ्रेम असलेली सॅक की बिनफ्रेमची. पाठीच्या बाजूला धातूच्या काड्या किंवा ताठ पत्रा नसलेली सॅक पाचशे ते सातशे ग्रॅममध्ये मिळते, तर फ्रेम आणि जाड कमरपट्टा असलेल्या हलक्या सॅकचे वजन साधारण नऊशे ग्रॅमपासून सव्वा किलोपर्यंत जाते. ऑस्प्रे कंपनीची एक्सॉस ही सॅक त्या वरच्या टोकाची. केवळ आकडे पाहिले तर पहिली चांगली वाटते. परंतु फ्रेमचे काम असे की ती सॅकमधला भार खाली कमरपट्ट्याकडे, म्हणजे नितंबाच्या हाडांवर, पोचवते. फ्रेम नसेल तर आठ-नऊ किलोंच्या पुढे सॅकची पाठ वाकते, कमरपट्टा नावापुरता उरतो आणि सगळे ओझे खांद्यांवर लोंबकळते. परिक्रमावासीचे मूळ वजन साडेचार-पाच किलो, दोन लिटर पाणी आणि थोडा शिधा धरला, तर एकूण ओझे आठ किलोंच्या आसपास येते, म्हणजे नेमके या सीमेवर. माझे मत असे की पन्नाशी ओलांडलेल्यांनी, मानेचा किंवा खांद्याचा त्रास असलेल्यांनी आणि शूलपाणीच्या झाडीतून, म्हणजे विरळ वस्तीच्या जंगलपट्ट्यातून, जाताना जास्तीचे पाणी-शिधा बाळगणाऱ्यांनी फ्रेमचे ते चार-पाचशे ग्रॅम आनंदाने उचलावेत. ज्यांचे भरलेले ओझे सात किलोंच्या आत राहते, त्यांनी बिनफ्रेमची सॅक घ्यावी आणि आसनाची घडी पाठीच्या बाजूला सपाट बसवावी; त्याने सॅकला बराच ताठपणा येतो.

सॅक अंगाला बसणे हे तिच्या वजनापेक्षा महत्त्वाचे आहे, म्हणून इथे घाई करू नये. सॅकचे माप माणसाच्या उंचीवरून नव्हे, पाठीच्या लांबीवरून ठरते. मान पुढे झुकवली की तिच्या मुळाशी एक हाड ठळक हाताला लागते. दोन्ही हात कमरेच्या हाडांवर, अंगठे मागे करून ठेवले की अंगठ्यांना जोडणारी एक रेषा मिळते. त्या हाडापासून या रेषेपर्यंतचे अंतर घरातल्या कोणाकडून तरी शिंप्याच्या टेपने मोजून घ्यावे. माझी मावशी पाच फूट दोन इंच आणि मी पाच फूट आठ इंच, पण आमच्या पाठींत फरक निघाला अवघ्या एका सेंटिमीटरचा, त्यामुळे तिच्यासाठी "बायकांची लहान सॅक" म्हणून जी घेतली होती ती तिला आखूड पडली आणि बदलून आणावी लागली.

दुकानात रिकामी सॅक पाठीला लावून काहीही कळत नाही. घरून तांदळाच्या एक-एक किलोच्या सात-आठ पिशव्या न्याव्यात, त्या सॅकमध्ये भराव्यात आणि कमरपट्टा बेंबीवर नव्हे तर नितंबाच्या हाडांच्या वरच्या कडेवर आवळून मग खांदापट्टे ओढावेत. पट्टे खांद्याला चिकटून वळले पाहिजेत. वर पोकळी राहिली तर सॅक लांब आहे. अर्धा तास तसेच चालावे. ज्या स्त्रिया साडीत परिक्रमा करणार आहेत त्यांनी साडी नेसूनच सॅक लावून पाहावी, कारण निऱ्यांच्या आणि परकराच्या नाडीच्या जाडीवर कमरपट्टा सरकतो आणि ट्रॅकसूटमध्ये उत्तम बसलेली सॅक पहिल्याच दिवशी कंबर सोलते. आणखी एक गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाहीत: दोन-तीन महिन्यांच्या चालण्याने माणूस वाळतो, म्हणून कमरपट्टा आज नीट आवळल्यावरही त्यात आठ-दहा सेंटिमीटर ओढायला जागा उरली पाहिजे.

कापडाबाबत बोलायचे तर डायनीमाचे कापड अत्यंत हलके, चिवट आणि पाणी न शोषणारे असते, पण ते महाग असते आणि परदेशातून मागवल्यास आयातशुल्काचा भार वेगळा. शंभर ते दोनशे दहा डेनियरचे (डेनियर म्हणजे धाग्याच्या जाडीचे माप) नायलॉन आपल्या वाटेला पुरते. निमाडात बाभळी फार. बाहेरचा पातळ जाळीचा खिसा त्यांच्या काट्यांना आठवडाभरही टिकत नाही, तेव्हा बाहेरचे खिसे कापडाचेच असावेत. कापडापेक्षाही शिवण तपासावी. खांदापट्टा सॅकला जिथे जोडला जातो तिथे आडवी, दाट, पुन्हा पुन्हा मारलेली शिवण हवी. माझ्या पहिल्या सॅकला ती एकपदरी होती आणि बडवानीच्या अलीकडे पट्टा अर्धा सुटला. गावातल्या मोच्याने आतून चामड्याचा बोटभर तुकडा लावून मेणाच्या दोऱ्याने तो शिवला, आणि ती जागा शेवटपर्यंत हलली नाही.

पाठीला ताणलेली जाळी असलेल्या सॅकमध्ये वारा खेळतो, पण भार पाठीपासून दोन बोटे मागे सरकतो आणि चढावर तो मागे ओढतो. देवउठनीनंतर, म्हणजे कार्तिकी एकादशीनंतर, निघणाऱ्यांना उन्हाचे दिवस थोडेच लागतात. त्यांनी पाठीला लागून बसणारी फोमची पाठ घ्यावी. पुढे उन्हाळ्यात चालणार असाल तर जाळी बरी.

पाण्याची बाटली सॅक न उतरवता हाताला यावी. एका हातात दंड, दुसऱ्यात कमंडलू असतो आणि "नर्मदे हर" म्हणून चहाला बोलावणाऱ्या घरांमुळे सॅक दिवसातून दहा वेळा उतरते, त्यामुळे बकल जाड आणि तोंड गुंडाळून बंद होणारे असलेले बरे. चेन बिघडली की गावात दुरुस्त होत नाही. पावसाचे बाहेरचे आवरण वाऱ्याने उडते, म्हणून मी सॅकच्या आत जाड प्लॅस्टिकची मोठी पिशवी घालून सगळे तिच्यात भरतो. नर्मदा समुद्राला मिळते तिथे विमलेश्वराकडून पलीकडच्या काठावरच्या मिठी तलाईला नावेने जाताना तिच्या तळाशी साचलेल्या खाऱ्या पाण्यात सॅक बुडते, तेव्हा ही पिशवी पांघरूण कोरडे ठेवते.

घेतलेली सॅक पूर्ण भरून लागोपाठ तीन दिवस चालून पाहावी. रालामंडलची टेकडी किंवा महूजवळचे जानापाव त्यासाठी चांगले, कारण चढ आणि उतार दोन्ही मिळतात. तिसऱ्या दिवशी घरी आल्यावर आरशासमोर खांदे आणि नितंबाची हाडे पाहावीत. हाडावरची लाली तासाभरात गेली तर ठीक. खांद्यावरची सकाळपर्यंत राहिली, किंवा बोटांना मुंग्या आल्या, तर पट्टे नव्याने जुळवून पुन्हा एक दिवस चालावे, आणि तरीही तेच झाले तर सॅक परत करावी. तोवर तिचे लेबल कापू नये आणि पावती सांभाळून ठेवावी.