दुसऱ्याच्या कथेवर शिकायचं: ऑनलाइन वर्कशॉपमधून कथेचं एडिटिंग

आमचा कथा लिहिणाऱ्यांचा आठ-नऊ जणांचा ग्रुप आहे, कोणी सांगलीत, कोणी अकोल्यात, एक ताई न्यू जर्सीत. एक रविवार सोडून रात्री आठला व्हिडिओ कॉलवर वर्कशॉप असतं (ताईंकडे तेव्हा उन्हाळ्यात सकाळचे साडेदहा वाजलेले असतात) आणि दोन कथा आठवडाभर आधी गूगल डॉक्सवर टाकलेल्या असतात, त्या सगळ्यांनी वाचूनच यायचं. मी एडिटिंग शिकले ते इथेच, आणि नवीन येणारा प्रत्येक जण विचारतो की हे शिकायचं तर सुरुवात कुठून करू, म्हणून एकदा नीट लिहून काढतेय.

आधी एक गैरसमज काढून टाका. एडिटिंग म्हणजे शुद्धलेखन तपासणं नाही. नवीन माणूस डॉक उघडतो आणि ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करत सुटतो, कारण तिथे चूक की बरोबर हे लगेच कळतं, मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे १९६२ चे १४ आणि १९७२ चे ४ असे १८ नियम समोर असतात. ते कामही करायलाच हवं पण अगदी शेवटी. ज्या परिच्छेदातल्या वेलांट्या तुम्ही तासभर सुधारल्या तो आख्खा परिच्छेदच कथेतून जाणार असेल तर तो तास फुकट गेला ना.

मग करायचं काय? पहिलं वाचन हात बांधून करा. कॉमेंट नाही, हायलाइट नाही, वाचक म्हणून सरळ शेवटपर्यंत जायचं. दुसऱ्या वाचनाला फक्त तीन खुणा: कुठे मी भरभर वाचत गेले, कुठे माझा हात फोनकडे गेला, आणि कुठे मला दोन ओळी मागे जाऊन परत वाचावं लागलं. एवढंच. कारण शोधायची घाई करू नका, कारण शोधणं ही पुढची पायरी, आणि ती चुकू शकते, पण 'इथे मला मागे जावं लागलं' हे चुकूच शकत नाही कारण ते तुमच्या बाबतीत खरंच घडलंय. लेखकाला सगळ्यात जास्त उपयोग याचाच होतो.

कॉलवर बोलायची आमची पद्धत जुनीच आहे. १९५६ मधे अमेरिकेत मिलफर्ड नावाच्या गावात सायन्स फिक्शन लिहिणारे एकत्र जमायला लागले, त्यांच्यावरून तिला मिलफर्ड पद्धत म्हणतात. एकेकाने ठरलेल्या वेळात बोलायचं, लेखकाने तोवर गप्प बसायचं आणि सगळ्यांचं झाल्यावर शेवटी उत्तर द्यायचं. आपल्याकडे हे गप्प बसणं फार जड जातं, 'अहो पण मला तिथे असं म्हणायचं होतं' हे लगेच तोंडातून बाहेर पडतं. पण कथा छापून आल्यावर वाचकाला समजावून सांगायला आपण त्याच्या घरी जाणार नसतो, म्हणून हा नियम मी कधीच सैल होऊ देत नाही.

आता एक उदाहरण जवळून बघा. लेखिकेच्या परवानगीने देतेय, नाव बदललंय. पहिला ड्राफ्ट असा होता:

'एक दिवस सुमन एका बँकेत गेली होती. तिथे एका बाकावर एक म्हातारा बसलेला होता. त्याच्या चेहऱ्यावर एक विलक्षण उदासी पसरलेली होती.'

तीन वाक्यांत पाच वेळा 'एक' आणि तिन्ही वाक्यं 'होती-होता-होती' वर संपतात. हे लगेच दिसतं आणि काढताही येतं, 'सुमन बँकेत गेली तेव्हा बाकावर एक म्हातारा बसला होता' म्हटलं की झालं. पण खरा प्रश्न तिसऱ्या वाक्यात आहे. ग्रुपमधल्या दोघांनी तिथे स्वतःची वाक्यं लिहून दिली, चांगली होती दोन्ही, एकाने पाणावलेले डोळे घातले आणि एकाने थरथरते हात. मी फक्त विचारलं, 'तो उदास आहे हे सुमनला कशावरून कळलं?' पंधरा दिवसांनी लेखिका लिहून आली: 'तो पासबुक उघडायचा, शेवटचं पान बघायचा आणि मिटायचा. परत उघडायचा.' हे आमच्यापैकी कोणालाच सुचलं नसतं कारण तो म्हातारा आमचा नव्हताच, तिचा होता. त्या दिवसापासून मी दुसऱ्याच्या कथेत वाक्यं लिहून द्यायचं जवळजवळ बंद केलं, प्रश्न लिहिते. प्रश्न विचारायला वाक्य लिहिण्यापेक्षा जास्त वेळ लागतो हेही सांगून ठेवते.

मराठी कथेत काही जागा हमखास अडखळायच्या असतात, तिथे मुद्दाम थांबून बघा. फ्लॅशबॅक आला की लेखक पानभर 'गेला होता, म्हणाला होता, बसला होता' लावत बसतो आणि वाचताना दम लागतो. पहिल्या एक-दोन वाक्यांत 'होता' आला की वाचक मागच्या काळात पोचतो, मग खुशाल 'गेला, म्हणाला, बसला' करा, आणि परत वर्तमानात येताना एक ठळक खूण द्या. दुसरं, दोन पुरुष एकाच प्रसंगात असले की 'त्याने त्याला त्याच्या घरी सोडलं' असली वाक्यं येतात, कोणी कोणाला सोडलं काही पत्ता लागत नाही. तिसरं म्हणजे अरे-तुरे आणि अहो-जाहो. सून सासूला पहिल्या पानावर 'अहो आई' म्हणते आणि पाचव्या पानावर 'अगं आई', मधे नातं बदललंय असं कथेत कुठेही नाही. आणि नातं बदललंय हेच दाखवायचं असेल तर मात्र ती कथेतली केवढी मोठी जागा आहे! तेव्हा अशी विसंगती दिसली तर दुरुस्त करू नका, विचारा.

बोलीच्या बाबतीत तर फारच जपून. माझ्या सुरुवातीच्या दिवसांत अकोल्याच्या एका मुलाच्या कथेत आजीच्या तोंडी 'मले काय मालूम' होतं आणि मी ते 'मला काय माहीत' केलं. आजी गेलीच ना त्यातून. तो काही बोलला नाही पण पुढच्या ड्राफ्टमधे त्याने सगळ्याच पात्रांची भाषा प्रमाण करून टाकली, आणि मग मला त्याला वेगळा फोन करून सगळं परत पहिल्यासारखं करायला सांगावं लागलं. बोलीत तपासायचं असेल तर एवढंच, की ती आजी सगळीकडे तशीच बोलते का, 'मले' म्हणणारी आजी दुसऱ्या पानावर 'मला' म्हणत नाही ना.

गूगल डॉक्समधे काम करताना थेट एडिट करू नका, सजेस्टिंग मोड लावा, म्हणजे मूळ वाक्य लेखकाच्या डोळ्यासमोर राहतं आणि तुमचा बदल नको असेल तर तो एका क्लिकमधे जातो. आणि ओळीओळीचं काम लेखकाने मागितलं तरच करा. पहिल्या ड्राफ्टला ते कोणी मागितलं तर मी सरळ नाही म्हणते.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि बहुतेक जण हेच करत नाहीत. कथेचा दुसरा ड्राफ्ट आला की पहिला शेजारी उघडून ठेवा आणि तुमची प्रत्येक कॉमेंट घेऊन बघा की लेखकाने तिचं काय केलं. काही कॉमेंट तशाच्या तशा घेतल्या असतील, काही सोडून दिल्या असतील, आणि काही ठिकाणी तुम्ही पान चारवर बोट ठेवलं होतं पण लेखकाने बदल केला पान दोनवर आणि पान चार आपोआप सुटलं. या तिसऱ्या प्रकारातून मी जेवढं शिकले तेवढं कुठल्याच पुस्तकातून शिकले नाही, कारण दुखतं एकीकडे आणि कारण दुसरीकडे असतं हे त्यातून डोळ्यांना दिसतं. मी यासाठी एक वही ठेवलीय, डावीकडे माझी कॉमेंट, उजवीकडे लेखकाने काय केलं ते.

हे ड्राफ्टवर ड्राफ्ट करणं आपल्याला नवीन नाही. 'सत्यकथा' मासिक १९८२ मधे बंद झालं, तोवर त्याचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांना पत्रं पाठवून एकेका कथेवर चर्चा करायचे, परत लिहायला सांगायचे. पोस्टाने चालायचं ते. आपल्याकडे आता ते रात्री आठच्या कॉलवर होतं, फक्त तेवढा धीर आणायला हवा.

दिवाळी अंकांना कथा पाठवायचे दिवस जवळ आले की ग्रुपवर एकदम गर्दी होते, कारण अंकाला हवे असतात तीन हजार शब्द आणि कथा असते साडेचार हजारांची. नवीन माणसाने हे काम मागून घ्यावं असं मी सांगते. कापताना आधी वाक्यं कापायला जाऊ नका, आधी प्रसंग मोजा, प्रत्येक प्रसंगासमोर एका ओळीत लिहा की यानंतर काय बदललं, आणि जिथे ती ओळ लिहिताच येत नाही तिथून सुरुवात करा. कापलेलं सगळं वेगळ्या फाइलमधे ठेवा आणि लेखकाला ती फाइलही पाठवा. आमच्यातल्या एकाने अशा कापलेल्या नऊशे शब्दांचीच पुढच्या वर्षी वेगळी कथा केली.